जांभळा पडदा

"मला आय म्हणायचं नाही. वालेरियन म्हणतो तेवढं पुरे आहे."

मी नवी नवरी, अजून उंबरठ्याच्या अलीकडेच उभी होते. हातातला फुलांचा गुच्छ घामाने भिजलेला, प्रवासाने अंग आंबलेलं, आणि सासूबाईंचे हे पहिले शब्द माझ्या कानावर आले. आवाज चढलेला नव्हता. पाहुण्याला, त्या खुर्चीवर बसू नका हं, तिचा पाय मोडका आहे, असं सांगावं तसा तो आवाज होता. मी मान हलवली. मग काय म्हणू, हे विचारायचं धाडस झालं नाही. आता माझे केस त्यांच्या तेव्हाच्या केसांपेक्षा पांढरे झाले आहेत, पण ते घर आठवायला बसले की आधी तो आवाज येतो आणि मग भिंती.

माझं नाव तबीथा. माहेर नगरकडचं. वडील गावातल्या छोट्या प्रोटेस्टंट देवळाचे पाळक. देऊळ म्हणजे चार भिंती, पत्र्याचं छप्पर, एक टेबल, टेबलावर एक पुस्तक. वालेरियन आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. वसईचा, कॅथलिक. शिवणाच्या वर्गावरून घरी जाताना माझी त्याची ओळख झाली, आणि पुढे जे व्हायचं ते झालं. दोन्हीकडची माणसं थोडी रुसली, थोडी हसली. उपवासकाळ सुरू झाला की चाळीस दिवस त्यांच्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून राखेच्या बुधवारच्या आधी घाईघाईने आमचं लग्न लागलं. त्याने वसईला बदली मागून घेतली आणि मी केळीच्या बागांच्या त्या हिरव्या अंधारात येऊन पडले.

घर बैठं, कौलारू. पुढे ओटी, मागे वाडी. वाडीत केळी, जाईचे वेल, आणि पलीकडे पाण्याचं एक बावखल, म्हणजे बागेला पाणी पुरवणारं तळं. सासरे जाऊन काही वर्षं झाली होती. घरात सासूबाई एकट्या. त्यांचं नाव सेलेस्तीन. बोलायच्या कमी, करायच्या जास्त. त्यांची बोली मला नीट उमगायची नाही, आणि माझं नगरी बोलणं ऐकून त्या पदराआड हसल्यासारखं करायच्या. मला 'नगरवाली' म्हणायच्या. "नगरवालीला भात कमी पडला का बघ," असं माझ्यासमोर मुलाला सांगायच्या. रोज सकाळी उठून मी ठरवायची, की आज त्या मला नावाने हाक मारतील. संध्याकाळी वाटायचं, असू दे, उद्या.

माजघराच्या भिंतीत एक मोठा लाकडी कोनाडा होता. आपल्याकडे देव्हारा असतो तसा त्यांचा आल्तार. त्याच्यावर वरपासून खालपर्यंत एक जांभळा पडदा सोडलेला होता. जांभळा म्हणायचं, पण रंग विटून राखेवर आला होता. रोज संध्याकाळी आम्ही तिघं त्या पडद्यासमोर गुडघे टेकून प्रार्थना करायचो. खाली एक दिवा तेवायचा. पडद्यामागे काय आहे, मला कधी दिसलं नाही. मला ते वेगळंही वाटलं नाही. लहानपणापासून मी ऐकत आले होते, की जुन्या काळच्या मंदिरात परमपवित्र जागेपुढे पडदा असायचा आणि त्यामागे कुणी पाहत नसे. मला वाटलं, यांच्या घराघरांतून तशीच रीत असेल. पुढे चर्चमध्येही शेवटच्या आठवड्यांत सगळ्या मूर्ती जांभळ्या कपड्याने झाकल्या, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

एकदा वालेरियनला विचारलं होतं. तो चपला घालत होता. "आयचा आहे तो पडदा. राहू दे," म्हणाला आणि नाडी बांधावी तसं बोलणं बांधून निघून गेला.

दुपारी घर सुस्तावलं की मी माजघरात शिवण घेऊन बसायची. अशाच एका दुपारी मला ती गुणगुण ऐकू आली. बारीक, एकसुरी, मध्येच थांबणारी. जात्यावर बसलेली बाई ओवीचे शब्द विसरली आणि नुसता सूर धरून राहिली, तशी. मी सुई थांबवली. आवाज पडद्यामागून येत होता. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता तो. कुणीतरी मोठं माणूस शेजारच्या खोलीत जागं आहे असं कळल्यावर आपण पाय न वाजवता चालतो ना, तसं झालं मला. रात्री जेवताना मी वालेरियनला हे सांगितलं. तो हसला, म्हणाला नगरला उन्हात वाढलेल्या माणसाला इथल्या दमट हवेने कानात दडे बसतात. सासूबाई वाढत होत्या. त्यांच्या हातातला डाव भाताच्या वर जरासा थांबला. मग त्यांनी वाढलं आणि उठून गेल्या.

ईस्टर जवळ येत होता आणि मला माहेर आठवत होतं.

आमच्या घरी ईस्टरला आई एक गोष्ट करायची. बाभळीची वाळकी फांदी आणायची, पांढरे लांब काटे असलेली. अंड्यांना दोन्ही टोकांना सुईने बारीक भोकं पाडून ती फुंकून रिकामी करायची, कांद्याच्या सालीत रंगवायची. कोथिंबिरीचं किंवा चिंचेचं पान टरफलावर ठेवून वर फडकं घट्ट बांधायचं आणि मग उकळायचं. सोडलं की तांबूस अंड्यावर पानाची फिकट नक्षी उठलेली. ती रिकामी अंडी एकेका काट्यावर अलगद बसवायची. सगळी फांदी फळाला आल्यासारखी दिसायची. काट्यांना आलेली फळं. गावातल्या हिंदू बायकासुद्धा बघायला यायच्या आणि आई त्यांना प्रसाद दिल्यासारखं एकेक अंडं द्यायची.

मी ठरवलं, या घरात आपण हे करायचं. आणि आणखी एक करायचं, त्या विटलेल्या पडद्याच्या जागी नवा पडदा शिवायचा. सासूबाईंना न कळता. शिवण हीच काय ती माझी विद्या होती. वालेरियनकडून मी जांभळं सॅटिन मागवलं, पोलक्याला म्हणून. दुपारच्या दुपारी बसून काठाने सोनेरी दोऱ्याची गव्हाची लोंबी भरली, लोंबीवर बसलेले चिमणे पक्षी भरले. ईस्टरच्या सकाळी तो त्यांच्या हातात ठेवायचा. त्या म्हणतील, कुणी शिवला गं? मी म्हणेन, मी. आणि मग कदाचित त्या मला तो शब्द देतील, जो दारात काढून घेतला होता. इतका साधा हिशोब होता माझा.

पवित्र शनिवार उजाडला. उपवासकाळात सासूबाई अंड्याला शिवायच्या नाहीत, त्यामुळे कोंबड्यांची अंडी साठली होती. ती फोडून रविवारचा केक करायचा होता. मी भीत भीत विचारलं, "फोडण्याऐवजी फुंकून रिकामी केली तर चालतील का? टरफलं मला हवी आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कशाला?"

मी आईच्या फांदीबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आत गेल्या आणि गोधडी शिवायची जाड सुई आणून माझ्यापुढे ठेवली. "ही घे. बारीक सुईने गाल दुखतात," म्हणाल्या.

मला तेव्हा ते लक्षात यायला हवं होतं. गाल दुखतात हे फुंकल्याशिवाय कुणाला कळत नाही.

मी मागच्या पडवीत बसले. एकेक अंडं ओठाला लावून फुंकायची, बलक वाडग्यात उतरायचा, आणि हातात उरायचा नुसता पांढरा श्वास. फुंकता फुंकता आईची ओवी तोंडात आली. आई दर ईस्टरला म्हणायची, तिनेच जोडलेली, येशूच्या कबरेकडे निघालेल्या मरियेची.

*पहाटंच्या पारी मरिया चालली येकली*
*दगूड लोटाया, बाई, कुणी सोबत न्हाई नेली*

*जाऊनिया बघती तर दगूड बाजूला*
*येवढ्या पहाटंचं, बाई, कुणी उघडलं दाराला*

मान वर केली तर सासूबाई दाराशी उभ्या. हातात पिठाची चाळणी.

"कुणी उघडलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"दार. गाण्यात पुढे सांगितलंय का?"

"नाही. तेवढीच आहे ओवी," मी म्हटलं. त्यांनी चाळणी हलवली, थोडं पीठ जमिनीवर सांडलं, आणि त्या वळून गेल्या.

वालेरियनने मिठागराच्या बांधावरून बाभळीची फांदी आणून दिली. संध्याकाळच्या विधीला त्याला गायकवृंदात गायचं होतं, तो लवकर निघून गेला. पडद्याच्या काठाचं शेवटचं टोक भरायचं राहिलं होतं आणि सोनेरी दोरा संपला. म्हणून तो पडदा कागदात गुंडाळून मी शेजारच्या ज्युस्तिनमावशीकडे गेले. मावशी म्हणजे आमच्या वाडीचं वर्तमानपत्र. मोठ्याने हसणारी, मोठ्याने चिडणारी, आणि मला पहिल्या दिवसापासून 'प्रोटेस्टनबाय' म्हणून चिडवणारी.

"बघू, बघू काय शिवलंस," म्हणून तिने कागद उलगडला. कापड उजेडात धरलं. बोटाने पक्षी चाचपले. "सोन्यासारखा हात आहे गं तुझा. लग्नाचा झगा तूच शिवला होतास ना?" मग म्हणाली, "पण हे आहे काय? जांभळं कशाला घेतलंस? सणाला पांढरं घ्यायचं."

"आल्तारावरचा पडदा आहे," मी अभिमानाने म्हटलं. "जुना विटलाय. उद्या सकाळी हा लावायचा."

मावशीचं हसू कुठल्या कुठे गेलं. तिने कापड घडी न करताच माझ्या मांडीवर ठेवलं.

"वालेरियननं सांगितलं नाही तुला?"

मग मावशीने खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. तिचा खालचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. पडदा ही कायमची रीत नसते. उपवासकाळाच्या शेवटी क्रूस झाकतात आणि ईस्टरला पडदा काढून टाकतात, सगळ्या घरांत, सगळ्या देवळांत. काढतात तेव्हाच तर सण होतो. फक्त सेलेस्तीनच्या घरचा निघालेला नाही. तिची धाकटी पोर, लुर्दीन, ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी बावखलात गेली, कमळं काढायला. नऊ-दहा वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे देवळाच्या घंटा वाजत होत्या आणि घरात पोरीला पांढरा झगा घालत होते. तेव्हापासून तो पडदा तसाच आहे. फादर येऊन समजावून गेले, सासऱ्यांनी मरेपर्यंत विनवलं. एकदा वालेरियनने हात लावला तर तिने त्याचा हात धरला, पुन्हा त्याने हात लावला नाही. लोक म्हणतात, देवावर रागावलीय. मावशी म्हणाली, मला नाही तसं वाटत, रविवारची मिस्सा, देवळातली उपासना, तिने एकदाही चुकवली नाही. पण मग काय आहे, ते तिचं तिला माहीत.

आमच्या घरी भिंतीवर एका लहान मुलीचा फोटो होता. माझी नणंद लहानपणी वारली, एवढंच मला ठाऊक होतं. कधी, ते मी विचारलं नव्हतं.

"आणि तू तिला नवा जांभळा पडदा द्यायला निघालीस," मावशी म्हणाली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लपव तो. दिसू देऊ नकोस."

मी कापड पदराखाली धरून आले. वाटेवरच्या प्रत्येक केळीच्या पानाला माझी लाज दिसत होती असं वाटत होतं. ज्या बाईचा सण आदल्या संध्याकाळीच अडून राहिला, तिच्या अडलेल्या सणाला मी सोनेरी काठ लावला होता. विचार केला, मागच्या दाराने जाऊन ट्रंकेत तळाशी टाकू.

मागच्या दारात सासूबाई बसल्या होत्या. फांदीचे लहान काटे खुडत होत्या, म्हणजे माझ्या हाताला लागू नयेत म्हणून.

"काय आहे पदरात?"

खोटं बोलायला जीभ वळली नाही. मी कापड पुढे केलं. त्यांनी हात पुसले, घडी उलगडली. बराच वेळ बघत राहिल्या. बोट पक्ष्यांवरून, लोंब्यांवरून, मग शेवटच्या न भरलेल्या टोकावर येऊन थांबलं.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "मला वाटलं, तुमच्यात असंच असतं. देवाची शपथ, मला माहीत नव्हतं."

त्यांनी कापड पुन्हा त्याच घड्यांवर दुमडलं. "रंग चांगला धरलाय," म्हणाल्या. आणि ते घेऊन आपल्या खोलीत गेल्या.

मी वाट पाहत राहिले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाटलं, आता त्या वालेरियनला सांगतील, ही मुलगी माझ्या घरात नको. मी एकेक अंडं रंगवलं, पानं बांधली, उकळलं, सोडलं. हात आपोआप चालत होते. वालेरियन आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून निजल्याचं सोंग केलं.

पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठले. निदान हातातलं काम पुरं करावं, मग जे व्हायचं ते होवो, असं मनाशी म्हटलं. ओटीवर स्टूल ठेवलं, पितळी तांब्यात वाळू भरून फांदी रोवली. अंधारात चाचपत एकेक अंडं काट्यावर बसवू लागले. एकही फुटलं नाही. सासूबाईंनी लहान काटे खुडले होते, मोठे तेवढे ठेवले होते. प्रत्येक अंड्याला नेमकी त्याची जागा.

शेवटचं अंडं बसवून मी मागे सरकले, आणि मिठागरांच्या पलीकडून सूर्याची कड वर आली.

मी माहेरी ही फांदी इतकी वर्षं पाहिली होती, पण आमच्या घरी ती कोपऱ्यात असायची. ऊन तिच्या मागून येताना मी कधी पाहिलं नव्हतं. पहिला किरण सपाट आला, ओटीवर चढला, आणि टरफलांच्या आत शिरला. एकेक अंडं आतून पेटत गेलं. तांबडं, केशरी, मधासारखं, आणि त्या प्रत्येक उजेडात एक पान उभं, शिरा न् शिरा दिसणारं. रिकाम्या टरफलांत एवढा उजेड मावतो हे मला माहीत नव्हतं. कालची लाज, भीती, दारातले ते शब्द, सगळं मी विसरले. लहान मुलीसारखी मी घराकडे तोंड करून ओरडले,

"आय! आय, झालं! या ना लवकर, बघायला या!"

आत काहीतरी पडलं. भांडं असावं. मग त्या दारात आल्या. हात ओले, पदर खांद्यावरून घसरलेला. त्यांनी फांदीकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

मी जीभ चावली. "चुकून आलं तोंडात. मी पुन्हा..."

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

मला कळेना.

"जसं म्हणालीस तसंच. पुन्हा."

मी हळूच म्हटलं, "आय, या. झालं."

त्यांनी दाराची चौकट धरली. उभ्या उभ्याच डोळे मिटून घेतले. मग माझं मनगट धरून त्या मला आत घेऊन गेल्या, माजघरात, आल्तारासमोर. तिथं उभ्या राहून त्यांनी सांगितलं, पडद्याकडे बघत, एकेक शब्द जपून ठेवलेल्या डब्यातून काढावा तसा.

"मी नाही लावलेला हा. तिनं लावलाय. त्या दिवशी सकाळपासून आत काहीतरी करत होती. कुणाला येऊ देत नव्हती. दुपारी देवाचा जांभळा पडदा घेतला आणि तोच वरून सोडला. मला म्हणाली, आय, शपथ घे. सकाळी मी सगळं करीन आणि हाक मारीन. मी हाक मारल्याशिवाय बघायचं नाही. मी शपथ घेतली. लोकांना वाटलं देवावर रुसलेय. वाटू दे म्हटलं. शपथ पोरीची होती. देवाला कळत असेल."

"आणि ती गुणगुण?"

"तू पण ऐकलीस ना?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तूच पहिली. घरात दुसऱ्या कुणाला कधी ऐकू आली नाही."

वालेरियन उठून दारात आला होता.

सासूबाईंनी पडद्याचं एक टोक धरलं, दुसरं मला धरायला सांगितलं. कापड इतकं जुनं झालं होतं, की ओढताच वरून विरून सुटलं आणि आमच्या हातात अलगद येऊन बसलं.

मी त्या क्षणी बघितलं ते आजही जसंच्या तसं सांगू शकते.

मागे लाकडी क्रूस. त्याच्यापुढे फळीभर एक बाग मांडलेली. समुद्रावरची वाळू पसरून तिच्यात शिंपल्यांची वाट केलेली. वाटेच्या टोकाला मातीची एक गुहा, म्हणजे प्रभूची कबर, बोटांचे ठसे अजून तिच्यावर. गुहेच्या तोंडाशी एक गोल चपटा दगड. वर दोरा बांधून माडाच्या कोवळ्या पातीचे पक्षी टांगलेले, कधी हिरवेसोनेरी असतील, आता गवतासारखे वाळलेले. आमच्या श्वासाने ते सगळे एकदम वळले. वाटेच्या दोन्ही बाजूंना फुंकून रिकाम्या केलेल्या अंड्यांची, वरचं टोक कापलेली टरफलं वाळूत बसवलेली, आणि प्रत्येकात कापसाची एकेक वात. न पेटवलेली. पुढे नारळाची एक करवंटी, घासून गुळगुळीत केलेली, रिकामी. तिच्यात कमळं यायची होती.

आणि क्रुसाच्या आडव्या हातावर, गुहेच्या माथ्यावर, कुंभारीण माशीने मातीची चिमुकली मडकी केली होती. सुपारीएवढी. कितीतरी, एकाला एक चिकटलेली, नवी जुन्यांवर. प्रत्येकाला एक भोक. आतून पोखरून पिल्लं कधीच उडून गेलेली. आम्ही बघत असतानाच एक माशी फळीमागच्या फटीतून आत आली, तोंडात ओली माती घेऊन, आणि गुणगुणत कामाला लागली.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्यांचा काहीतरी आधार तुटणार. पण त्या हसल्या. "हे काय, भाडेकरू ठेवलेत होय," म्हणाल्या.

"पक्षी मी शिकवले होते तिला," वालेरियन दारातून म्हणाला. "बोर्डिंगला जायच्या आधी." मग तो तिथेच खाली बसला.

मी तेल आणलं. सासूबाईंनी एकेक टरफल ओंजळीत धरून त्यात तेल ओतलं, वाती पिळून भिजवल्या. एकही टरफल फुटलं नाही. इतक्या वर्षांची वात पेटेल का, मला शंका होती. पहिली जरा चरचरली, धूर सोडला, आणि धरली. मग दुसरी. मग वाटेच्या दोन्ही बाजूंनी उजेड चालत गुहेपर्यंत गेला. देवळात सकाळच्या मिस्सेची पहिली घंटा झाली. त्या घंटेने सासूबाई दचकल्या, पण नजर हलवली नाही.

"तुझ्या त्या गाण्यात," त्या म्हणाल्या, "दगड कोण लोटतं?"

"गाण्यात कुणी लोटत नाही. ती जाते तेव्हा तो बाजूलाच झालेला असतो."

"इथं तर आहे तसाच आहे." त्यांनी थोडा विचार केला. "पोरीला सकाळी लोटायचा असेल. तबीथा, तू लोट. हाक तू मारलीस."

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ऐकून काही वाटायला वेळ नव्हता. मी गुडघ्यांवर बसले आणि एका बोटाने तो गोल दगड सरकवला.

गुहा रिकामी होती. मी खाली वाकले तेव्हा कळलं, अगदी रिकामी नाही. आत, एका बाजूला, व्यवस्थित घडी करून ठेवलेला एक पुरुषी पांढरा रुमाल होता. मी पाळकाची मुलगी, शुभवर्तमानातली ती जागा मला पाठ होती. कबरेत प्रभू नव्हता, तागाची वस्त्रं पडली होती, आणि डोक्याचा रुमाल वेगळा, एकीकडे, गुंडाळून ठेवलेला होता. मोठी माणसं ही ओळ वाचून पुढे जातात. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने ती ऐकली होती आणि लक्षात ठेवली होती.

मी रुमाल काढून सासूबाईंच्या हातात दिला. त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने सासऱ्यांच्या नावाचं अक्षर भरलेलं होतं. त्यांनी तो उघडला नाही. घडीसकट छातीशी धरला.

दिव्यांच्या उबेने वरचे पक्षी संथ फिरत होते. मग त्या आत गेल्या, माझा नवा पडदा घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवला. "ते टोक भरून टाक. पुढच्या उपवासकाळाला हा लावू," म्हणाल्या, "आणि ईस्टरला काढू."

पुढे त्या हयात होत्या तोवर दर वर्षी आम्ही दोघींनी तो लावला आणि दर वर्षी काढला. पण तेव्हा हे मला माहीत नव्हतं. तेव्हा मी एवढंच विचारलं, "आय, हा रुमाल ओळखीचा आहे का?"

त्या फळीच्या कडेला हात टेकून बसल्या. वालेरियनलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं.

"लुर्दीनच्या बाबांचा सणाचा रुमाल. सुटाच्या खिशातला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सापडेना. हिनंच कुठं टाकला असणार म्हणून मी दिवसभर तिला बोलत होते. कमळं आणायला निघाली तेव्हाही बोलतच होते. ती दारात थांबली, मागं वळली, आणि हसून म्हणाली, उद्या सापडेल, आय."